खर्ज कोणाच्या हाती? महाराष्ट्रातील वाद्यवृंदांतील बेस गिटार व तिची साधनसामग्री : शिरूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या संगीतविषयक इतिहासलेखनात गायक, नट, शाहीर, संगीतकार आणि घराणी यांना मानाचे स्थान मिळालेले आहे. त्या मानाने साथीदार वादकांचा इतिहास उपेक्षित राहिला. साथीदारांमध्येही ज्याच्या वाद्याचा आवाज वेगळा ओळखू येत नाही, पण थांबला तर सगळा वाद्यवृंद पोकळ वाटतो, अशा वादकाची दखल तर क्वचितच घेतली गेली. बेस गिटार वाजविणारा हा अशा वादकांपैकी एक होय. प्रस्तुत निबंधात या वाद्याचा महाराष्ट्रातील प्रवास त्याच्या साधनसामग्रीच्या, म्हणजे वाद्य, ध्वनिवर्धक व कर्णे यांच्या अंगाने तपासला आहे. वादकाने काय वाजवावे हे जितके त्याच्या शिक्षणावर अवलंबून असते, तितकेच ते ‘सुपारी’च्या ठिकाणी कोणती यंत्रसामग्री उपलब्ध आहे यावरही ठरते. (वादकांच्या बोलीत कार्यक्रमाच्या मागणीस सुपारी म्हणतात.)

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) महामार्गावरील गाव. पुण्यापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर असून अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव त्याला लागून आहे. रांजणगाव औद्योगिक वसाहतीमुळे मूळच्या शेतकरी गावाभोवती कामगारांची दाट वस्ती उभी राहिली. परिणामी यात्रा, हळदी, वराती आणि गणेशोत्सव यांना येथे दोन वेगळे श्रोतृवर्ग मिळाले. एक भजन व तमाशा यांवर पोसलेला, दुसरा परजिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेला. अशा गावात बेस गिटार वाजविणारा का क्वचितच दिसतो आणि तरीही तिचा स्वर का सर्वत्र ऐकू येतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

देशी परंपरेतील खालचा स्वर

मराठी लोकसंगीतात खालचा, घुमारेदार आवाज प्रामुख्याने चर्मवाद्यांकडे असतो. संबळाच्या जोडीतील मोठे भांडे, ढोलकीची धुमेची बाजू, तबल्यातील डग्गा ही त्याची उदाहरणे. तमाशाच्या फडावर स्वर धरण्याचे काम तुणतुणे करते, पण तो स्वर खालचा नसतो. याचा अर्थ असा की, पाश्चात्त्य संगीतात खालच्या पट्टीतील वाद्य स्वरमेळाचा पाया घालते, तसे स्वतंत्र काम आपल्याकडे कोणाला नेमून दिलेले नव्हते. खालचा आवाज हा तालाचा भाग होता.

मात्र त्या आवाजाबद्दलची जाण सूक्ष्म होती. वारकरी भजनातील पखवाजी वादनापूर्वी वाद्याच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक लावतो. तिचे वजन वाढविले की आवाज उतरतो, कमी केले की चढतो. कणीक सुकू लागली की बोटाने पाणी लावावे लागते. कार्यक्रमाच्या जागी, त्या दिवशीच्या हवेत, त्या गायकाच्या पट्टीशी खालचा आवाज जुळवून घेण्याची ही रीत आहे. बेस गिटारवादक ध्वनिवर्धकाची बटणे फिरवून जे साधू पाहतो, ते पखवाजी मूठभर पिठात साधत आला आहे. तेव्हा साधनांची निवड ही गोष्ट या प्रदेशाला नवी होती असे मानण्याचे कारण नाही.

छावणी, गोवा आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण

शिरूर, म्हणजेच घोडनदी, येथे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांची लष्करी छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. अशा छावण्यांमधून देशभर लष्करी वाद्यपथकांचा परिचय झाला आणि पुढे लग्नाच्या वरातीतील बॅन्ड त्याच साच्यावर घडला. मेरठ येथे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या नादिर अली आणि कंपनीसारख्या उत्पादकांमुळे पितळी वाद्ये देशातच बनू लागली. बॅन्डमध्ये खालचे स्वर वाजविणारी मोठी पितळी वाद्ये असत, पण ती जड आणि महाग. लहान गावातील बॅन्ड बहुधा मोठ्या ढोलावरच भागवून नेई. पैसे वाचवायचे झाले की पहिली काटछाट खालच्या स्वरावर होते, हा नियम येथपासून दिसतो व पुढे वारंवार भेटतो.

स्वरमेळाचा पाया म्हणून खालच्या स्वराचे शिक्षण मात्र दुसऱ्या वाटेने आले. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जाई. तेथे तयार झालेले वादक मुंबईतील हॉटेलांच्या जाझ वाद्यवृंदांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत स्थिरावले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि संगीतसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. हिंदी व मराठी चित्रपटगीतांतील वाद्यमेळ या मंडळींनी लिहून काढला. प्रारंभी या वाद्यमेळात खालचा स्वर डबल बेस या उभ्या, माणसाहून उंच वाद्याकडे होता.

इलेक्ट्रिक बेस गिटारचा व्यापारी जन्म अमेरिकेतला. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. नावातील ‘अचूकता’ ही तिच्या पडद्यांमुळे आलेली होती. डबल बेसवर पडदे नसल्याने स्वर केवळ कानाने शोधावा लागे. नवे वाद्य एका माणसाला पाठीवर नेता येत होते आणि विजेवर चालत असल्याने ढोल-तुताऱ्यांच्या गदारोळातही ऐकू जात होते. तथापि गिटार हलकी झाली तरी भार नाहीसा झाला नाही. तो ध्वनिवर्धकाकडे गेला. १९६९ मध्ये आलेला अँपेग कंपनीचा ३०० वॉटचा ध्वनिवर्धक याचे बोलके उदाहरण आहे. त्याचा केवळ वरचा भागच ३५ किलोग्रॅमहून जड होता आणि त्याखाली आठ कर्ण्यांची पेटी लागे.

मुंबईत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बेस गिटार वाजविली. बर्मन यांच्या गीतांतील तालाची लय ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली आहे, त्यांना या वाद्याचे तेथील स्थान सांगावे लागत नाही. ध्वनिमुद्रणगृहात वाद्याचा स्वर थेट यंत्रात जाई, त्यामुळे तेथे वादकाला प्रचंड ध्वनिवर्धकाची गरज नसे. गावोगावच्या मंचावर ही सोय नव्हती.

कर्ण्याची मर्यादा

येथे थोडा भौतिकशास्त्राचा आधार घ्यावा लागतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते व सर्वांत बारीक मोकळी तार ९८. ग्रामीण भागात सभा, कीर्तन, तमाशा यांसाठी वापरात असलेला लोखंडी भोंगा मात्र साधारण ३०० कंपनांच्या खालचा आवाज फारसा देऊच शकत नाही. मानवी शब्द दूरवर पोचविणे हे त्याचे काम, आणि ते तो चोख करतो. १९४० मध्ये स्थापन झालेल्या अहुजा कंपनीचे ध्वनिवर्धक व असे भोंगे ही दीर्घकाळ गावच्या मंडपाची सर्वसाधारण सामग्री होती. तीवर बेस गिटार जोडल्यास मूळ स्वर गळून पडतो व वरच्या उपस्वरांची खरखर तेवढी उरते. मानवी कान खालच्या स्वरांना कमी संवेदनशील असल्याने ते इतर वाद्यांच्या बरोबरीने ऐकू येण्यासाठी कितीतरी अधिक शक्ती लागते. ती ना भोंग्यात होती, ना मंडपातील जनित्रात.

म्हणून १९७० नंतर चित्रपटगीते सादर करणारे ‘ऑर्केस्ट्रा’ गणेशोत्सवाच्या मंडपांतून लोकप्रिय झाले, तेव्हाही लहान गावच्या सुपारीत बेस गिटारवादकाची जागा डळमळीत राहिली. ग्रामीण श्रोत्यांना या वाद्याची अभिरुची नव्हती, असा खुलासा सहज केला जातो. तो उथळ आहे. जे ऐकूच येत नव्हते, त्याबद्दल अभिरुची निर्माण होणार कशी? बिदागी वाटून घेणाऱ्या पथकप्रमुखाच्या दृष्टीने न ऐकू येणाऱ्या वादकाला एक वाटा देणे हा शुद्ध तोटा होता.

वाद्य मिळविणे हीही अडचणच होती. १९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांच्या व जबर शुल्काच्या काळात परदेशी गिटार ही खलाशी, नातेवाईक किंवा परत जाणारे पर्यटक यांच्याकडूनच मिळण्याची वस्तू होती. कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी उत्पादकांनी ही उणीव अंशतः भरून काढली. (या नावाचे एका अमेरिकन नावाशी असलेले साम्य योगायोगाचे नसावे.) मुंबईत धोबी तलावचे फुर्ताडोज हे १८६५ पासूनचे दुकान वादकांचे हक्काचे ठिकाण होते. १९८४ मध्ये स्थापन झालेले ‘रॉक मशीन’ किंवा १९८६ पासूनचा ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव यांतून महानगरी तरुणांना बेस गिटार समोर पाहावयास मिळाली. पुण्याच्या पूर्वेकडील तालुक्यांपर्यंत ही लाट फारशी आली नाही.

यंत्राने घेतलेली जागा

१९८१ च्या अखेरीस जपानच्या रोलंड कंपनीने ‘टीबी-३०३’ नावाचे यंत्र आणले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी हा त्याचा हेतू. खऱ्या बेस गिटारसारखा आवाज त्यातून येत नसल्याने १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. परंतु मुंबईतील चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच या यंत्रावर भारतीय राग योजून एक ध्वनिमुद्रिका काढली. ती त्या वेळी दुर्लक्षित राहिली व २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर गाजली. वादकाच्या हातातील खर्ज यंत्राकडे जाण्याच्या प्रक्रियेचा हा प्रारंभबिंदू मुंबईतच सापडतो, ही बाब उल्लेखनीय आहे.

गावांत हीच प्रक्रिया बेंजो पार्टीच्या रूपाने घडली. बेंजो म्हणजे १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचे भारतीय रूप, बुलबुल तरंग. त्याला विद्युत जोड देऊन हातगाडीवर किंवा टेम्पोवर मिरवणुकीत वाजविण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली. सोबतीला कॅसिओ आला (कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डाला लोक कॅसिओच म्हणतात). १९८५ मध्ये रोलंडने ऑक्टोपॅड आणला, तोही यथावकाश या ताफ्यात सामील झाला. कीबोर्डवादकाचा डावा हात आणि ऑक्टोपॅडची एक चकती यांनी मिळून बेस गिटारवादकाचे काम उरकले. यात कोणाचा कट नव्हता. खालचा आवाज हा तालाचा भाग मानणाऱ्या परंपरेला तो तालवाद्याकडे परत जाणे स्वाभाविकच वाटले असावे.

पुढे मोठ्या पेट्या आल्या. पंधरा व अठरा इंची कर्ण्यांच्या, हजारो वॉटच्या भिंती टेम्पोवर रचल्या जाऊ लागल्या. यांना महाराष्ट्रात ‘डीजे’ किंवा ‘डॉल्बी’ म्हणतात. ४१ कंपनांचा स्वर शेवटच्या माणसाच्या छातीपर्यंत पोचविणारी सामग्री गावात प्रथमच आली, आणि नेमकी तेव्हाच ती वाजविणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. ज्या काळात वादक मिळू शकत होता तेव्हा कर्णा नव्हता. कर्णा आला तेव्हा मुद्रित संगीत त्याच्या आधी येऊन बसले होते.

या संदर्भात अजय–अतुल गोगावले यांचे उदाहरण मननीय आहे. वडिलांच्या महसूल खात्यातील नोकरीमुळे त्यांचे बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा गावांत गेले व वाद्ये विकत घेण्याची ऐपत त्या वेळी नव्हती. त्याच बंधूंनी ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिस येथील सोनी स्कोअरिंग स्टेजवर संपूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ‘याड लागलं’सारख्या गीतातील वाद्यमेळाचा खालचा आधार अशा रीतीने सातासमुद्रापार वाजविला गेला आणि मुद्रित होऊन शिरूरच्या मंडपात परतला.

आजची सुपारी

तरीही बेस गिटारवादक नाहीसा झालेला नाही. गायकाचा कार्यक्रम, शाळा-महाविद्यालयांची संमेलने, कंपन्यांचे वार्षिक सोहळे यांत जिवंत वाद्यवृंदाला मागणी आहे, आणि औद्योगिक वसाहतीमुळे यांतील शेवटचा प्रकार कारेगाव परिसराला परका नाही. अशा सुपारीसाठी वादक काय निवडतो, यात मागील सर्व इतिहास साठलेला दिसतो. बॅटरीवर चालणाऱ्या गिटारपेक्षा साध्या जोडणीची गिटार तो पसंत करतो, कारण ऐन कार्यक्रमात बॅटरी संपण्याची धास्ती राहत नाही. जड ध्वनिवर्धक घरी ठेवून तो तळहातावर मावेल असा ‘डीआय बॉक्स’ नेतो. वाद्याचा दुबळा संकेत लांब तारेतून गुणगुण न होता मुख्य यंत्रणेपर्यंत नेणे, एवढेच या डबीचे काम. फार तर तीन किलोंचा नव्या जातीचा हलका ध्वनिवर्धक स्वतःला ऐकू येण्यापुरता सोबत असतो. तारांचा जादा संच व स्वतःची केबल तर असतेच. जनित्राची जमिनीशी जोडणी नीट नसेल तर तारांना हात लावताच झटका बसतो, म्हणून अनुभवी वादक वाद्य जोडण्यापूर्वी विजेची तपासणी करून घेतो. स्वर कसा पोचेल हे मात्र अखेरीस पेट्या भाड्याने देणाऱ्यावर सोपविलेले असते.

या पेट्यांवर कायद्याचे नियंत्रण आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. राज्य शासन सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. परंतु ही मोजणी मानवी कानाच्या संवेदनशीलतेशी जुळविलेल्या ‘अ’ भारांकनाने होते आणि त्यात ६३ कंपनांच्या स्वरातून सुमारे २६ डेसिबल वजा केले जातात. त्यामुळे गायकाचा आवाज व ताशा मोजमापात पुरेपूर सापडतात. घराच्या पत्र्यांना थरथरविणारा खर्ज मात्र आकड्यांत पुष्कळसा निसटतो.