स्वर मोजता येतो का?

आपल्या रोजच्या बोलण्यात गाण्यातले किती शब्द येतात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? दोघांचे पटेना, की ‘त्यांचे सूर जुळत नाहीत’ असे आपण म्हणतो. चावडीवर कोणी ओरडून भांडू लागला, की तो ‘तारस्वरात’ बोलतो. शब्द तोंडी आहेत, पण त्यांच्या मागचे मोजमाप सहसा ठाऊक नसते. त्यांपैकी दोनच शब्द आज घेऊ : स्वर आणि श्रुती. या दोन शब्दांवरून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगली आणि सातारा येथे मोठा खल झाला, आणि त्याचा धागा तुमच्या शाळेतल्या पेटीपर्यंत येऊन पोचतो.

आधी स्वर म्हणजे काय ते पाहू. गोंधळ्याचे तुणतुणे तुम्ही ऐकलेच असेल. त्याची एकच तार. ती सतत एकच आवाज देते आणि गाणारा त्या आवाजाला धरून गातो. तो आधाराचा आवाज म्हणजे ‘सा’, षड्ज. सा कुठे धरायचा हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर असते. एकदा तो धरला, की रे, ग, म, प, ध, नी यांच्या जागा त्याच्यावरून ठरतात. या सातांचे मिळून सप्तक. सा आणि प अचल, म्हणजे न हलणारे. रे, ग, ध, नी खाली उतरले की कोमल होतात. म वर चढला की तीव्र होतो. सात आणि पाच मिळून बारा झाले. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजा, सप्तकात बाराच भरतील.

पण जुने ग्रंथ बारा म्हणत नाहीत, बावीस म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात बावीस श्रुती सांगितल्या आहेत. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीस, यादवांच्या आश्रयाने राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही बावीसच. श्रुती म्हणजे कानाला वेगळा ओळखू येणारा आवाजाचा बारीक फरक. सा, म, प यांच्या वाट्याला चार-चार, रे आणि ध यांना तीन-तीन, ग आणि नी यांना दोन-दोन. बेरीज करून बघा, बावीस होतात. मात्र भरताने त्यांची मोजपट्टी दिली नाही. ओळख कानावर सोपवली होती.

ही मोजपट्टी शोधण्याचा ध्यास सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी घेतला. सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर म्हणून काम केलेले हे गृहस्थ. तारेची लांबी मोजायची, त्यावरून कंपने काढायची आणि गवयाच्या गळ्याशी ती ताडून पाहायची, अशी त्यांची रीत. गळा कोणाचा, तर किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचा. १९१० साली देवलांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. साताऱ्यास न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यांना हे काम पटले. १९१३ साली त्यांचेही हिंदी संगीतावरचे पुस्तक निघाले. एक महसूल खात्यातला, एक न्यायखात्यातला आणि तिसरा गवई. अशी तीन माणसे एका तारेपाशी बसली, हेच केवढे नवल!

गुरुजी, हा प्रयोग तुम्हाला वर्गात करता येईल. एका फळीवर दोन घोड्या ठेवून त्यांच्यामध्ये ६० सेंटिमीटर तार ताणा. मोकळी तार छेडा, तो सा. आता ४८ सेंटिमीटरचा तुकडा वाजेल असे बोट दाबा, ग मिळेल. ४५ वर म, ४० वर प, आणि बरोबर निम्म्यावर, ३० वर, वरचा सा. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर ग ३०० चा, म ३२० चा, प ३६० चा आणि वरचा सा ४८० चा. पोरांना अपूर्णांक शिकवायला याहून गोड साधन कुठले?

आता पेटीकडे वळू. पेटी विलायतेहून आली. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून सूर बसवण्याचा प्रघात पडला. त्या हिशोबाने ग येतो सुमारे ३०२.४ कंपनांवर. तारेवरचा ग ३०० चा. फरक अडीच कंपनांचाही नाही, पण दोन्ही सूर एकदम वाजले तर आवाज हेलकावे खातो. बारा पट्ट्या पुरत नाहीत म्हणून क्लेमेंट्स आणि देवल यांनी लंडनमध्ये खास श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. तिथे या श्रुतींची आणि पेटीची चर्चा झाली. पण जमलेल्या मंडळींचे समाधान झाले नाही. भातखंड्यांनी आपली पद्धत बारा स्वर आणि दहा थाट यांवरच उभी केली.

मग देवलांची मेहनत वाया गेली, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. पेटीचा सूर आणि गळ्याचा सूर एक नव्हे, ही गोष्ट त्यांनी आकड्यांत मांडली. अडचण निराळी होती. तोडीतला कोमल गंधार आणि भीमपलासीतला कोमल गंधार यांचे नाव एकच, पण जागा किंचित वेगळी. शिवाय गवई स्वरावर खिळा ठोकल्यासारखा उभा राहत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो आवाज न तोडता जातो, ती मींड. स्वराला हलका झोका देतो, ते आंदोलन. झोक्याला कुठली पट्टी पुरणार? बाराऐवजी बावीस पट्ट्या केल्या तरी पट्टी ती पट्टीच. याच कारणाने १९४० साली नभोवाणीने पेटीला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. बंदी उठली, कारण पेटीचेही काम आहे. तिचे काम साथ देण्याचे, सूर शिकवण्याचे नव्हे.

मग सूर शिकवावा कशाने? उत्तर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, मिरजेत आहे. पूर्वी हत्यारांना पाणी देणारे, धार लावणारे तिथले शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करू लागले. पंढरपूर, मंगळवेढा भागातले भोपळे आणून ते तंबोरे घडवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हा तंबोरा नीट जुळवला, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी खुलवली, की एक चमत्कार घडतो. तारा लावलेल्या असतात फक्त सा आणि प यांच्या, पण खर्जाच्या तारेतून कोणी न लावलेला गंधार ऐकू येतो. त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. हा गंधार कोणता? आपण मघाशी ४८ सेंटिमीटरवर बोट ठेवून काढला, तोच. अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तिथल्या उरुसात आजही गवई हजेरी लावतात, त्याच सुराला धरून.

तेव्हा शाळेत प्रार्थना शिकवताना एवढे कराच. पेटी दोन मिनिटे बाजूला ठेवा. तंबोरा नसेल तर भजनी मंडळाची वीणा आणा, एकतारी आणा, तेही नसेल तर फळीवरची तार चालेल. मुलांना आधी नुसता सा ऐकू द्या, मग त्यात आवाज मिसळू द्या. ज्याचा आवाज तारेत विरघळून दिसेनासा होईल, त्याला सूर लागला असे समजा. मोजपट्टी नंतर दाखवा, म्हणजे कानाने जे ओळखले ते डोळ्यांनाही पटेल.