कंपवात : एका जागेपासून जाळ्यापर्यंत
१८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून कंपवाताचे वर्णन केले. पण बिघाड कुठे? १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांना रुग्णांच्या मध्यमेंदूतील काळसर भागात पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. १९५७ मध्ये कार्लसन यांनी सर्पगंधेतील रेसर्पिन देऊन निश्चल केलेले ससे एल-डोपा देताच हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता सापडली.

मग डोपामिन नाही म्हणून हालचाल नाही, इतके हे सोपे आहे का? १९९० मध्ये डिलाँग व सहकाऱ्यांनी कंपवात झालेल्या माकडांच्या मेंदूतील एक वेगळेच, अतिक्रियाशील बनलेले केंद्र नष्ट केले आणि हालचाल सुधारली! म्हणजे पेशी एका जागी मरतात, तोल मात्र साऱ्या जाळ्याचा ढळतो. म्हणूनच त्या केंद्रात विद्युतअग्र बसवून उपचार करता येतात.