क्रिस्टल पॅलेसची लाकडी कमान

१/ १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये उभारलेला क्रिस्टल पॅलेस म्हणजे लोखंड आणि काच, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु त्याच्या मध्यभागावरील उंच, अर्धवर्तुळाकार छताच्या कमानी लाकडाच्या होत्या. वक्र लाकडी मंडपांचा हा विस्मृतीत गेलेला औद्योगिक इतिहास. #थ्रेड

२/ जोसेफ पॅक्स्टनच्या मूळ आराखड्यात छत सपाट होते. जागेवरचे जुने एल्म वृक्ष तोडू नयेत, असा आग्रह झाला. त्यांना पोटात घेण्यासाठी ७२ फूट रुंदीची कमान आली. यंत्रयुगाचे प्रतीक ठरलेल्या वास्तूची सर्वांत ठळक रेषा अशी सुतारकामातून उमटली.

३/ लाकूड वाकवायचे कसे, हा प्रश्न त्याहून जुना आहे. जहाजाच्या फासळ्यांसाठी मुळातच वाकडे वाढलेले लाकूड हुडकून आणावे लागे. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाहता येते.

४/ इमारतींसाठी वेगळा मार्ग निघाला. फ्रान्सच्या फिलिबेर द लोर्मने १५६१ साली आखूड फळ्या जोडून मोठी कमान करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात लष्करी अभियंता एमी याने पातळ, लांब फळ्या वाकवून, थरावर थर रचून त्या बोल्टने आवळल्या.

५/ हीच थरांची रीत रेल्वेने उचलली. १८५२ साली सुरू झालेल्या लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर १०५ फूट रुंदीची दोन छते होती. दोन्हींच्या कमानी थरांच्या लाकडाच्या. पण हे लाकूड फार टिकले नाही. १८६९ पासून एका छताच्या आणि १८८६-८७ मध्ये दुसऱ्या छताच्या कमानी लोखंडाच्या झाल्या. वळण तेच राहिले, लाकूड विसरले गेले.

६/ लाकूड मागे पडले, असे येथे वाटू शकते. परंतु १९०६ साली जर्मनीतील वायमारच्या ऑटो हेट्झरने फळ्या सरसाने चिकटवून वक्र तुळई बनवण्याचे पेटंट घेतले. हा सरस दुधातील केसिनपासून केलेला असे. १९१० च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात जर्मन रेल्वेचे दालन याच पद्धतीने ४३ मीटर रुंद उभे राहिले.

७/ पुढे रेल्वे इंजिनांच्या शेडसाठीही अशा कमानी वापरल्या गेल्या, कारण इंजिनाच्या धुरातील आम्ल पोलाद खाते. ज्या रेल्वेने किंग्ज क्रॉसला लाकूड काढून लोखंड बसवले, त्याच व्यवसायात लोखंडाला पर्याय म्हणून लाकूड परतले.

८/ १९७५ साली मानहाइम या जर्मन औद्योगिक शहरात उद्यान प्रदर्शनासाठी 'मुल्टिहाले' उभे राहिले. फ्राय ओटोने साखळ्यांची जाळी टांगून प्रतिकृती केली आणि तिचा आकार उलटा करून छत मिळवले. हेमलॉक लाकडाच्या, जेमतेम ५ सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्यांची जाळी जमिनीवर विणून वर उचलली गेली. भारचाचणीसाठी तिला पाण्याने भरलेले कचऱ्याचे डबे टांगले होते!

९/ हा मंडप तात्पुरता होता. लोकांना तो आवडला म्हणून राहिला आणि १९९८ साली संरक्षित वास्तू ठरला. तरीही लाकूड कुजत गेले आणि २०१६ साली तो पाडण्याची वेळ आली होती. मोठ्या प्रयत्नांनंतर दुरुस्ती सुरू झाली. 'त्रिंकोमाली'ही असेच अनेक वर्षांच्या जीर्णोद्धारामुळे वाचले आहे.

१०/ आज जुन्या कारखान्यांच्या आवारात वक्र लाकडी मंडप उभारले जातात. आराखडा करणारे बहुधा जुन्या छताची रेषा उचलतात. पण रेषा किंग्ज क्रॉसलाही टिकली होती; गेले ते लाकूड.

११/ म्हणून जुन्या कारागिरीतून घेण्यासारखे आणखी काही आहे: पातळ थर, उघडून पाहता येतील असे सांधे, खराब पट्टी बदलण्याची सोय, पाणी साचू न देणारी कड. उद्घाटनाच्या खर्चासोबत विसाव्या वर्षाच्या दुरुस्तीचा खर्चही ज्या आराखड्यात लिहिलेला असेल, तोच औद्योगिक वारशाचे नाव सांगण्यास पात्र ठरेल.