व्हिडिओतील मानवी कृतींची ओळख

व्हिडिओतला माणूस चालतो आहे, पोहतो आहे की दार उघडतो आहे, हे संगणकाने ठरवण्याचे तंत्र. सखोल शिक्षणामुळे (डीप लर्निंग) ते झपाट्याने पुढे गेले. पण यंत्र हालचाल ओळखते की नुसते दृश्य, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. ऑक्सफर्डच्या कॅरन सिमोनियन आणि अँड्र्यू झिसरमन यांनी २०१४ मध्ये दोन न्यूरल नेटवर्क जोडली. एकाला सुटी फ्रेम दिली, दुसऱ्याला लागोपाठच्या फ्रेममध्ये बिंदू कसे सरकतात याची नोंद. यूसीएफ-१०१ या १०१ कृतींच्या संग्रहावर जोडीची अचूकता ८८ टक्के भरली. बोलका आकडा मात्र दुसराच: केवळ स्थिर फ्रेम पाहणाऱ्या नेटवर्कचीही ७३ टक्के उत्तरे बरोबर होती. तलावाचे निळे पाणी दिसले, की ‘पोहणे’ म्हणायला हात हलताना पाहावे लागत नाहीत.

माणूसही परिसरावरूनच अंदाज बांधतो, असा यावर आक्षेप येतो. तो खरा आहे. पण माणसाचे परिसरावाचून अडत नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन यांनी १९७३ मध्ये अंधारात चालणाऱ्या माणसाच्या फक्त सांध्यांवरचे प्रकाशबिंदू दाखवले, तरी पाहणाऱ्यांनी चाल ओळखली. काही कृतींत तर हालचालीवाचून पर्यायच नसतो: दार उघडणे आणि लावणे यांतल्या फ्रेम जवळपास त्याच, क्रम तेवढा उलटा. तिथे पार्श्वभूमी कामाला येत नाही. वृद्ध पडल्याची सूचना देणारी यंत्रणाही म्हणूनच कोसळणे आणि चटईवर सावकाश आडवे होणे, अशा जोड्यांवर तपासायला हवी.