छायाचित्रांचीं कुलुपें आणि त्यांच्या किल्ल्या

इतिहासाचीं साधनें नष्ट कशीं होतात याचा विचार करूं लागलें म्हणजे आग, पाऊस, वाळवी आणि वारसांची अनास्था हींच कारणें प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु साधन जसेंच्या तसें शाबूत असावें आणि तरीही तें निरुपयोगी व्हावें, असाही एक प्रकार आहे. दप्तरखान्यांतील मोडी कागद हें त्याचें आपल्या परिचयाचें उदाहरण होय. कागद आहे, शाई आहे, अक्षरें आहेत. पण तीं वाचणारे थोडे उरले आहेत. मोडीला ही अवस्था येण्यास पिढ्या लागल्या. छायाचित्रांच्या बाबतींत तशीच गोष्ट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घडूं लागली आहे, आणि लग्नामुंजींचीं, बारशांचीं व वडीलधाऱ्यांचीं चित्रें आतां बहुतेक घरांत संगणकाच्याच स्वाधीन झालीं असल्यामुळें हा इतिहास प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्याजोगा आहे.

छायाचित्रकार जिला ‘रॉ’ फाईल म्हणतात, ती खरें पाहतां अजून चित्र झालेलीच नसते. भिंगामागील सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची ती केवळ नोंदवही असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनीं योजलेल्या व १९७६ सालीं पेटंट मिळालेल्या रचनेप्रमाणें बहुतेक सेन्सरांवर प्रत्येक बिंदूपुढें एकाच रंगाची गाळणी असते. निम्मे बिंदू हिरव्या रंगाचे, पाव तांबड्याचे आणि पाव निळ्याचे. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानानें भरून काढावे लागतात. पांढरा रंग कशास म्हणावयाचें, छाया किती गडद ठेवावयाची, हेंही मागाहून ठरतें. कॅमेरा जेव्हां हें सर्व काम स्वतःच करून जेपेग चित्र हातीं देतो, तेव्हां प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या शिल्लक राहतात व बाकीचें टाकून दिलें जातें. रॉ फायलींत १२ बिटांची नोंद असेल तर ४,०९६ आणि १४ बिटांची असेल तर १६,३८४ पायऱ्या असतात. म्हणूनच काळजीपूर्वक काम करणारे लोक रॉ फाईल जपून ठेवतात आणि तिला निगेटिव्हची उपमा देतात.

उपमा सुंदर आहे, पण एका ठिकाणीं ती लंगडी पडते. आजोबांच्या पेटींत सांपडलेली निगेटिव्ह उजेडासमोर धरली कीं आंत कोण बसलें आहे तें नातवाला ओळखतां येतें. रॉ फाईल मात्र उजेडासमोर धरतां येत नाहीं. तिची नोंद कोणत्या क्रमानें लिहिली आहे हें ठाऊक असलेला प्रोग्राम लागतो, आणि तो प्रोग्राम चालेल असा संगणकही लागतो. आमच्या विषयाचें सारें मर्म या दोन अटींत आहे.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकच्या प्रयोगशाळेंत स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ सालीं तयार केला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९९१ सालीं कोडॅकनें निकॉनच्या एफ-३ कॅमेऱ्यावर आपलीं यंत्रें बसवून व्यावसायिकांसाठीं पहिला डीसीएस कॅमेरा विक्रीस आणला, आणि १९९९ सालीं निकॉननें स्वतःचा डी-१ बाजारांत आणला. पुढें जितके कारखानदार तितक्या लिप्या झाल्या. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, ऑलिंपसची ओआरएफ, फुजीची आरएएफ. कॅनननें तर आधीं सीआरडब्ल्यू, मग सीआर-२ आणि २०१८ पासून सीआर-३ अशा तीन लिप्या क्रमानें चालविल्या. शिवाय नांव तेंच राहिलें तरी प्रत्येक नव्या कॅमेऱ्याबरोबर आंतील मजकुरांत कांहींना कांहीं फरक पडे. कारखानदारांची बाजूही सर्वस्वीं टाकाऊ नव्हती. सेन्सर नवा झाला म्हणजे नोंदीची रीत बदलणें ओघानेंच येतें, आणि आपल्या रंगांचें रहस्य प्रतिस्पर्ध्याच्या हातीं पडूं नये असें कोणत्याही व्यापाऱ्यास वाटणारच.

या लिप्या वाचण्याचें काम दोन बाजूंनीं झालें. डेव्ह कॉफिन या अमेरिकन गृहस्थानें १९९७ सालीं ‘डीसीरॉ’ नांवाचा छोटा प्रोग्राम लिहिण्यास आरंभ केला. निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या फायली तपासून, जुने ताम्रपट लावणाऱ्या संशोधकाच्या चिकाटीनें, त्यांतील रचना तो उलगडीत गेला आणि आपला प्रोग्राम मूळ लेखनासह सर्वांस मोकळा ठेवीत गेला. दुसऱ्या बाजूस, आपला भाऊ जॉन याच्यासह फोटोशॉप निर्माण करणारे टॉमस नोल यांनीं अ‍ॅडोबी कंपनीसाठीं ‘कॅमेरा रॉ’ हें जोडसाधन तयार केलें. तें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. मूळ फोटोशॉप १९९० सालचें, म्हणजे रॉ वाचण्याची सोय त्यास तेरा वर्षांनीं लाभली.

इतक्यांत २००५ सालचा वाद उद्भवला. निकॉनच्या डी-२-एक्स या कॅमेऱ्यानें रॉ फायलींतील श्वेत-संतुलनाची नोंद सांकेतिक करून ठेविली असल्याचें उघडकीस आलें. नोल यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, हा संकेत फोडल्यास अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याखालीं अडचण येण्याची भीति अ‍ॅडोबीस वाटते. निकॉनचें म्हणणें असें कीं, आपला फॉरमॅट आपला आहे, आणि ज्यांस तो वाचावयाचा असेल त्यांनीं आपण देऊं तीं साधनें घ्यावीं. कॉफिनसारख्यांनीं तो संकेत लवकरच उलगडला, आणि त्या कॅमेऱ्याचीं चित्रें कांहीं बंद पडलीं नाहींत. तथापि त्या निमित्तानें जो प्रश्न उभा राहिला तो मोलाचा होता. उन्हांत उभें राहून ज्यानें चित्र टिपलें, पैसे मोजून ज्यानें कॅमेरा घेतला, त्याच्याच फायलीचें एक पान त्याला दुसऱ्याच्या परवानगीनें वाचावें लागावें काय? आमच्या मतें याचें उत्तर ‘नाहीं’ असेंच दिलें पाहिजे. कॅमेऱ्याचें रहस्य कारखानदाराचें असेल; चित्राची नोंद चित्रकाराचीच आहे.

सर्वांनीं एकच लिपी वापरावी असा प्रयत्न त्यापूर्वींच झाला होता. २००४ च्या सप्टेंबरांत अ‍ॅडोबीनें डीएनजी, म्हणजे ‘डिजिटल निगेटिव्ह’, या नांवाचा फॉरमॅट जाहीर केला, त्याचें वर्णन सर्वांस खुलें केलें आणि इतर लिप्यांचें त्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम फुकट दिला. लायका आणि पेंटॅक्स यांनीं तो आपल्या कॅमेऱ्यांत घेतला. २०१४ सालीं अँड्रॉइडच्या आणि २०२० सालीं अ‍ॅपलच्या ‘प्रोरॉ’च्या रूपानें तो खिशांतील फोनांतही आला. परंतु कॅनन आणि निकॉन या मोठ्या घराण्यांचे कॅमेरे आपापली लिपी सोडावयास तयार झाले नाहींत. बाळबोध सर्वांस कळते म्हणून कोणी आपली मुद्रा मोडीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

आतां दुसऱ्या अटीकडे वळूं. लिपी वाचणारा प्रोग्राम मिळाला तरी तो संगणकाच्या मूळ यंत्रणेवर अवलंबून असतो, आणि ती यंत्रणा दरवर्षीं कूस बदलते. अ‍ॅपलचें ‘अ‍ॅपर्चर’ हें सॉफ्टवेअर २००५ सालीं निघालें. पुष्कळ छायाचित्रकारांनीं आपला सारा संग्रह त्याच्या हवालीं केला. २०१४ सालीं अ‍ॅपलनें त्याची वाढ थांबविल्याचें जाहीर केलें, २०१५ सालीं विक्री बंद झाली, आणि २०१९ सालीं आलेल्या कॅटॅलिना या यंत्रणेवर तें चालेनासें झालें. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अशीं सॉफ्टवेअरें मूळ रॉ फायलीस हात लावीत नाहींत. उजेड एवढा वाढवावा, रंग तेवढा उतरावा, अशा सूचना तीं निराळ्या वहींत लिहून ठेवितात. सॉफ्टवेअर गेलें म्हणजे मूळ फाईल राहते, पण त्या वहीचा अर्थ लावणारा कोणी उरत नाहीं. वर्षानुवर्षें रात्रीं जागून केलेलें संस्कारांचें काम अशा रीतीनें डोळ्यांदेखत मुकें होतें.

अ‍ॅडोबीच्या ‘लाइटरूम’ची कथा थोडी वेगळी आहे. एकदांच पैसे भरून कायमचें घेण्याजोगें शेवटचें लाइटरूम म्हणजे २०१५ सालचें सहावें. त्याची अखेरची सुधारणा २०१७ च्या डिसेंबरांत झाली. त्यानंतर निघालेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फायली तें वाचीत नाहीं. ३२ बिटांच्या प्रोग्रामांस कॅटॅलिनानें दार बंद केलें, तेव्हां हें सॉफ्टवेअर स्वतः ६४ बिटांचें असूनही त्याची स्थापना करणारे व परवाना तपासणारे भाग ३२ बिटांचे असल्यामुळें ग्राहक अडचणींत आले. नवा कॅमेरा घेतला कीं नवें सॉफ्टवेअर हवें, त्यासाठीं नवी यंत्रणा, आणि ती पेलण्यास बहुधा नवा संगणक. घोड्यासाठीं नाल घ्यावयाचा सोडून नालेसाठीं घोडा घेण्यासारखें हें झालें.

मात्र या साऱ्या इतिहासांत निराश होण्याजोगें सर्वच नाहीं. जुन्या कॅमेऱ्यांच्या बहुसंख्य रॉ फायली आजही उघडतात, आणि त्याचें श्रेय बव्हंशीं मोकळ्या ठेवलेल्या ज्ञानास आहे. डीसीरॉची अखेरची आवृत्ति २०१८ सालीं निघाली. पण २००८ पासून तिच्याच पायावर उभें असलेलें ‘लिबरॉ’ तें काम पुढें चालवीत आहे. लेखन उघडें होतें म्हणूनच एकाचा हात थांबल्यावर दुसऱ्यास तें उचलतां आलें. ज्याच्या वाचनाची रीत सर्वांस ठाऊक असते तें टिकतें, आणि ज्याची रीत एकाच तिजोरींत असते तें त्या तिजोरीच्या धन्याबरोबर जातें, एवढें या हकीकतीवरून निश्चित दिसतें.

कुटुंबांनीं यावरून कोणता बोध घ्यावा? रॉ फाईल टाकूं नये. पण केवळ तिच्यावर विसंबूंही नये. जें चित्र मनाजोगतें सिद्ध झालें असेल, त्याची टिफ किंवा जेपेग या सर्वमान्य स्वरूपांत एक प्रत काढून निराळ्या ठिकाणीं ठेवावी. संगणकाची यंत्रणा बदलण्यापूर्वीं आपलें सॉफ्टवेअर नवीवर चालतें कीं नाहीं याची चौकशी करावी, आणि चालत नसेल तर जुना संगणक मोडींत देण्याआधीं हें प्रतींचें काम उरकून घ्यावें. निवडक चित्रें कागदावर उतरवून घ्यावीं, व त्यांच्या पाठीमागें माणसांचीं नांवें आणि साल लिहावें. कागदास कोणतीही नवी यंत्रणा लागत नाहीं. आणि पन्नास वर्षांनीं तो पाहणाऱ्या नातवास आपल्या पणजीचा चेहरा ओळखण्यासाठीं कोणत्याही कंपनीची परवानगी मागावी लागणार नाहीं.