ख्रिस्ती धर्ममंडन व ईश्वरी न्याय

आपल्या श्रद्धेविषयी पृच्छा, आक्षेप वा आरोप झाला असता तिचे सकारण व जाहीर समर्थन करणे, यास ख्रिस्ती परंपरेत धर्ममंडन म्हणतात. हे समर्थन करणे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. त्याचा अंतिम निवाडा मात्र त्याच्या किंवा त्याच्या प्रतिपक्षाच्या हाती नसून ईश्वराच्या हाती आहे, अशी या परंपरेची जोडधारणा आहे. या दोहोंतील तोल मराठी प्रदेशात कधी राखला गेला, तर कधी बिघडला. त्याचा इतिहास सोळाव्या शतकातील गोव्यापासून रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहात २०२०-२१ मध्ये घडलेल्या घटनांपर्यंत पाहता येतो.

संज्ञा व आधार : धर्ममंडनासाठी नव्या करारात वापरलेला ‘अपोलोगिया’ हा ग्रीक शब्द मूळचा न्यायालयातील आहे. आरोपीने न्यायसभेपुढे दिलेले उत्तर, असा त्याचा अर्थ. भारतीय धर्मशास्त्रात व्यवहाराचे, म्हणजे न्यायप्रक्रियेचे, चार पाद सांगितले आहेत. त्यांतील दुसरा पाद ‘उत्तर’ हा प्रतिवादीचा असतो व अखेरचा पाद निर्णयाचा. तो देण्याचा अधिकार प्रतिवादीला नसतो. ख्रिस्ती धर्ममंडनाची कल्पना या विभागणीच्या साहाय्याने सहज उमगते. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकास उत्तर देण्यास सिद्ध असावे, परंतु ते सौम्यतेने द्यावे, असा उपदेश आहे. त्याच पत्रात, छळ सोसताना येशूने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हाती स्वतःला सोपविले, असा निर्देश आढळतो. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःचा उल्लेख सुवार्तेच्या समर्थनासाठी नेमलेला असा केला आहे. ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. ईश्वरी न्यायावर विसंबणे म्हणजे मानवी न्यायालयाकडे पाठ फिरविणे, असा अर्थ मात्र पौलाने केला नाही. रोमन नागरिक या नात्याने त्याने थेट कैसरापाशी दाद मागितली. उत्तर द्यावे, न्याय मागावा, परंतु सूड घेऊ नये आणि निवाड्याची वाट पाहावी, असे या उपदेशाचे सार सांगता येईल.

गोव्यातील आरंभ : मराठी भाषेतील ख्रिस्ती धर्ममंडनाचा आरंभ टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटापासून धरला जातो. तो १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ओवीछंदात रचलेल्या या ग्रंथात श्रोत्यांच्या शंका व पाद्रीगुरूची उत्तरे अशी संवादाची योजना आहे. स्थानिकांची भाषा, छंद व पुराणाची घडण आपलीशी करून दिलेले हे उत्तर होते.

त्याच गोव्यात १५६० मध्ये धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. मधला थोडा काळ सोडता ती १८१२ पर्यंत चालू होती. श्रद्धेचे रक्षण हाच तिचा घोषित हेतू होता. तथापि मनुष्याच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा जो अधिकार ख्रिस्ती शिकवणुकीनुसार केवळ ईश्वराचा, तोच येथे मानवी न्यायासनाने आपल्याकडे घेतला. धर्मांतरितांचे जुने रीतिरिवाज हेही अपराध ठरले आणि तुरुंगवासापासून देहदंडापर्यंत शिक्षा झाल्या. समर्थन व निवाडा एकाच हाती आल्यास काय घडते, याचे हे उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकातील वाद : ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना तिच्या मुलखात वाट मोकळी झाली. १८२९ मध्ये मुंबईस आलेला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) याने शास्त्री मंडळींशी जाहीर वादविवाद सुरू केले. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकर यांच्याशी झालेला वाद गाजला. दांडेकरांनी आपली बाजू श्रीहिंदुधर्मस्थापना या पुस्तकात मांडली व विल्सनने १८३२ मध्ये तिला ग्रंथरूपाने प्रत्युत्तर दिले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी केलेल्या वादविवादांस मोठा जनसमुदाय जमत असे. त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोएन (१८१६–८८) या अमेरिकन मिशनऱ्याने इंग्रजीत प्रसिद्ध केला. या वादांत दोन्ही पक्षांनी परस्परांच्या ग्रंथांतील दोष दाखविण्यावर भर दिला. त्यामुळे मराठी गद्याला तर्ककठोर वळण लागले; पण श्रोत्यांपैकी फारच थोड्यांनी आपला पक्ष सोडला. बोएन स्वतः मिशनचे वेतन सोडून अत्यंत साधेपणाने मुंबईत राहिला आणि त्याच्या युक्तिवादापेक्षा या राहणीचाच प्रभाव लोकांवर अधिक पडला.

याच काळात श्रद्धेचा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयातही गेला. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयापुढे धनजीभाईंच्या ताब्याचा प्रश्न आला आणि त्यांना आपला निर्णय आपण घेण्याची मुभा मिळाली. पुढे १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. मात्र त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपतला शुद्ध करून जातीत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला व त्याबद्दल स्वजातीयांचा रोष पत्करला. न्यायालयाला वय व ताबा ठरविता आला. श्रद्धेचा खरेपणा ठरविणे त्याच्या कक्षेबाहेरचे होते.

वादाकडून आत्मपरीक्षणाकडे : नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–९५) यांच्या चरित्रात हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. काशीस स्थायिक झालेल्या चित्पावन कुटुंबातील या पंडिताने प्रथम ख्रिस्ती धर्माच्या खंडनार्थ संस्कृतात शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ रचला. पुढे १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि षड्दर्शनदर्पण या १८६० मधील हिंदी ग्रंथात दर्शनांची चिकित्सा केली. दोन्ही पक्षांकडून समर्थ युक्तिवाद केलेल्या गोऱ्ह्यांना शंकांनी मात्र जन्मभर सोडले नाही. त्यांनी त्या लपविल्या नाहीत. आपल्या मनाचा निवाडाही आपण करू शकत नाही, हे मान्य करून ते श्रद्धेत टिकून राहिले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना एकाच वेळी दोन आघाड्यांवर उत्तर द्यावे लागले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर चर्चची शिकवण डोळे मिटून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला व सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद केला. स्वदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविले. तेथील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, या आरोपावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंनी आपली प्रार्थना गुप्त ठेवली नाही व आपले कामही थांबविले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली-बायकांना आश्रय दिला आणि त्यांतून केडगावच्या मुक्तिसदनाची उभारणी झाली. त्यांच्या हेतूंविषयीचा मतभेद मिटला नाही, परंतु त्यांचे उत्तर शब्दांत उरले नव्हते.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्यापासून त्यांना काही वर्षे दूर राहावे लागले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस तीत स्थान होते. कोण आपला व कोण परका, हे ठरविण्याचे काम त्यांनी देवावर सोपविले.

विसाव्या शतकातील वळण : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) अन्य धर्मांविषयी आदराची भूमिका घेतली व धर्मस्वातंत्र्य हा मनुष्याचा हक्क मानला. खंडनाची जागा संवादाने घेतली. जेझुइट संघाच्या बत्तिसाव्या महासभेने (१९७४-७५) श्रद्धेची सेवा व न्यायाची प्रस्थापना ही एकाच कार्याची दोन अंगे असल्याचे ठरविले. दुर्बलांची बाजू घेणे हेही श्रद्धेचे समर्थनच होय, असा अर्थ त्यामुळे धर्ममंडनास प्राप्त झाला. या अर्थाची कसोटी तळोजा येथे लागली.

तळोजा (२०२०-२१) : पुणे येथील ३१ डिसेंबर २०१७ ची एल्गार परिषद व १ जानेवारी २०१८ रोजी भीमा-कोरेगाव येथे झालेला हिंसाचार यांसंबंधीच्या प्रकरणात सोळा जणांना अटक झाली. त्यांतील वयाने सर्वांत मोठे आरोपी म्हणजे जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी (१९३७–२०२१). तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यात जन्मलेले स्वामी १९५७ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. झारखंडमध्ये रांचीजवळ ‘बगईचा’ हे केंद्र त्यांनी चालविले आणि जमीन, जंगल व कच्च्या कैदेत खितपत पडलेले आदिवासी तरुण या प्रश्नांवर दीर्घकाळ कार्य केले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांची येथे अटक केली. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाखाली, बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यांनी तो नाकारला व आपल्या संगणकातील म्हणून दाखविलेली कागदपत्रे आपली नाहीत, असे सांगितले. आरोप त्यांच्या धर्मश्रद्धेविषयीचा नव्हता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पण आपल्या कार्याचे व त्यापायी किंमत मोजण्याच्या तयारीचे समर्थन त्यांनी या श्रद्धेतूनच केले.

त्र्याऐंशी वर्षांच्या स्वामींना कंपवाताचा विकार होता. पेला हाती धरवत नसल्याने पाणी पिण्याचे नळीचे भांडे मिळावे, म्हणून त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. तळोजाहून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी स्वतःपेक्षा इतरांविषयी अधिक लिहिले. आपल्यावर कोणता आरोप आहे हेच ठाऊक नसलेले, वर्षानुवर्षे अडकून पडलेले गरीब कच्चे कैदी, आणि जेवू-खाऊ घालण्यास मदत करणारे सहकैदी यांचा त्यांत उल्लेख येतो. त्यांनी मानवी न्यायाचा मार्ग सोडला नाही. जामिनाचे अर्ज केले. विशेष न्यायालयाने २२ मार्च २०२१ रोजी जामीन नाकारल्यावर उच्च न्यायालयात दाद मागितली. २१ मे २०२१ रोजी दृक्‌श्राव्य माध्यमातून उच्च न्यायालयापुढे हजर झाले असता, तळोजास आलो तेव्हा आपण आपले खाणे, चालणे, अंघोळ करू शकत होतो, ते सर्व हळूहळू गेले, असे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालय नको, आपल्या लोकांत राहता यावे, एवढीच त्यांची मागणी होती. मेअखेर न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे कोविडची बाधा आढळली आणि ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी त्यांच्या जामीन अर्जाची सुनावणी व्हावयाची होती; ती सुरू झाल्यावर न्यायपीठास मृत्यूचे वृत्त कळविण्यात आले.

आरोपनिश्चितीही झालेली नसल्याने त्यांच्या दोषी वा निर्दोष असण्याविषयी कोणत्याही न्यायालयाचा निकाल नाही. बचावपक्षाच्या वतीने नेमलेल्या एका अमेरिकन संगणक-न्यायवैद्यक संस्थेने, स्वामींच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून कागदपत्रे ठेवण्यात आली होती, असा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये दिला. तोही न्यायालयीन तपासणीविना राहिला. जामीन नाकारताना नोंदविलेल्या प्रतिकूल मतांचा कलंक पुसला जावा, म्हणून त्यांच्या निकटवर्ती जेझुइट सहकाऱ्याने २०२१ च्या अखेरीस उच्च न्यायालयात याचिका केली. ईश्वरी न्यायावरील विश्वास आणि मानवी न्यायाचा आग्रह हे त्यांच्या अनुयायांतही एकत्र नांदताना दिसतात.

मूल्यमापन : चार शतकांच्या या इतिहासात धर्ममंडनाचे स्वरूप पालटत गेले. पुराण, वादसभा, ग्रंथ, आश्रम, कवीचा दरबार आणि अखेरीस कैद्याचे पत्र, अशी त्याची रूपे झाली. त्याचे दोन दोषही या इतिहासात प्रकट झाले. उत्तर देणाऱ्याने निर्णयाचे आसनही बळकावले, तेव्हा श्रद्धेचे रक्षण जुलमात परिणत झाले. आणि वाद जिंकणे हेच साध्य ठरले, तेव्हा उत्तर ऐकण्यास कोणी उरले नाही. ज्यांनी निवाडा आपल्या हाती घेतला नाही, त्यांचे उत्तर मात्र प्रतिपक्षाच्या स्मरणातही राहिले. ईश्वराचा निर्णय इतिहासाच्या साधनांनी सिद्ध करता येत नाही. तो येईल या भरवशावर माणसे कशी बोलली, कशी गप्प राहिली आणि दुसऱ्यांसाठी काय मागत राहिली, एवढे मात्र नोंदविता येते.