मृत्यूचें कारण : एका चुकलेल्या नोंदीचा इतिहास

घरांतील एखादा वृद्ध दमेकरी पौषाच्या थंडींत पडशानें अंथरुणास खिळला आणि पांचव्या दिवशीं गेला, तर त्याच्या मृत्यूचें कारण काय म्हणून सांगावयाचें? शेजारीपाजारी म्हणतात, ‘दमा होता, वय झालें होतें, सुटले बिचारे.’ डॉक्टरही दाखल्यावर दमाच लिहितो. पडशाची आठवण कोणी ठेवीत नाहीं. कारण पडसें हा रोग नव्हे, ती ऋतूची खोडी, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. ज्या आगंतुकानें अखेरचा धक्का दिला तो असा बिननांवाचा सुटून जातो. तो आजवर कसा सुटत आला आणि त्यास पकडण्यास काय काय करावें लागलें, याची हकीकत आम्हांस येथें सांगावयाची आहे. ही हकीकत वैद्यकाची खरी. पण वैद्यकाच्या आधीं ती हिशेबाची आहे.

इंग्लंडांत १८३७ च्या जुलैपासून मृत्यूंची नोंद सरकारी रीतीनें होऊं लागली. पुढें दोन वर्षांनीं त्या खात्यांतील आंकड्यांचें काम विल्यम फार या वैद्यकी शिकलेल्या गृहस्थाकडे आलें. १८४७ च्या नोव्हेंबरांत लंडनवर इन्फ्लुएंझाची साथ आली. नोंदवहींत इन्फ्लुएंझाच्या सदराखालीं जितकीं मरणें पडलीं, तितक्यावरून पाहिलें तर साथ कांहीं मोठी नव्हती. पण फारनें निराळा प्रश्न विचारला. साथ आली नसती तर या दिवसांत शहरांत सामान्यतः किती माणसें मेलीं असतीं, आणि प्रत्यक्षांत किती मेलीं? वजाबाकी केली तेव्हां सुमारें पांच हजारांची जादा भर निघाली. ती एकट्या इन्फ्लुएंझाच्या सदरांत मावणारी नव्हती. श्वासनलिकादाह, फुप्फुसदाह, दमा, हृद्रोग अशीं अनेक सदरें त्याच आठवड्यांत एकदम फुगलीं होतीं आणि साथ ओसरतांच तीं पुन्हां खालीं बसलीं. खतावणींत एकाची रक्कम दुसऱ्याच्या खातीं पडावी, तसें हें झालें होतें. कीर्द बरोबर होती. खातें चुकलें होतें.

या वजाबाकीचें महत्त्व वाचकांच्या ध्यानांत यावें अशी आमची इच्छा आहे. रोगाचा जंतु कोणीं पाहिला नव्हता. विषाणु हा शब्दही आजच्या अर्थानें कोणास ठाऊक नव्हता. तरीही फारनें एवढें दाखवून दिलें कीं, ज्याचें हृदय वा फुप्फुस आधींच थकलेलें आहे तो माणूस साथींत मरतो, तेव्हां त्याच्या नांवापुढें जुन्याच दुखण्याचें नांव लिहिलें जातें आणि नवा अपराधी लपून राहतो.

आमच्या इकडे मात्र इन्फ्लुएंझाची जी आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती अगदीं निराळी आहे. १० जून १९१८ रोजीं मुंबईंत सात पोलीस शिपाई तापानें इस्पितळांत दाखल झाले; त्यांतील एकाचा पहारा गोदीवर होता. पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबर रोजीं त्या एका दिवसांत शहरांत ७६८ माणसें मेलीं. खेड्यापाड्यांतून या साथीस ‘मानमोडी’ म्हणत. तिनें विशेषेंकरून वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसें नेलीं. ही गोष्ट इतकी भयंकर होती कीं, इन्फ्लुएंझा म्हणजे तरण्याताठ्यांचा काळ अशी कल्पना लोकांच्या मनांत ठसली. वस्तुतः १९१८ चें साल हा अपवाद होता. त्याच्या आधींच्या व नंतरच्या बहुतेक साथींनीं वृद्धांस आणि जुन्या रोग्यांस निवडून नेलें. पण त्यांच्या मरणांत नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें, म्हणून त्यांचा बोभाटा झाला नाहीं.

फारची वजाबाकी पुढें अमेरिकेंत सेल्विन कॉलिन्स यानें हातीं घेतली. साथीच्या दिवसांत इन्फ्लुएंझा व फुप्फुसदाह सोडून इतर कारणांखालीं, विशेषतः हृद्रोगाखालीं, मृत्यु कसे वाढतात हें त्यानें १९३२ सालीं मांडलें. पुढच्याच वर्षीं लंडनांत विल्सन स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्यास रोग्याच्या घशांतील द्रवानें इन्फ्लुएंझा जडवून त्याचा विषाणु वेगळा केला. आरोपीची ओळख पटली; गुन्ह्याची रीत समजावयाची होती.

ती १९५७ च्या साथीनें शिकविली. न्यूयॉर्कच्या एका इस्पितळांत लाउरिया व त्याचे सहकारी यांनीं त्या हिंवाळ्यांतील रोग्यांचा बारकाईनें अभ्यास करून १९५९ सालीं तो प्रसिद्ध केला. निव्वळ विषाणूनेंच ज्यांचीं फुप्फुसें भरून आलीं, अशा रोग्यांत संधिवाती तापानें हृदयाची झडप अरुंद झालेल्यांचा भरणा ठळकपणें दिसून आला. याची उपपत्ति अवघड नाहीं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील दरवाजा अरुंद झाला म्हणजे रक्त पलीकडे जाण्यास वेळ लागतो. तापानें नाडी जलद चालूं लागली कीं तो वेळच उरत नाहीं. रक्त मागें तुंबतें आणि त्याचा भार फुप्फुसांवर पडतो. त्याच फुप्फुसांत विषाणूनें आधींच आग लावलेली असते. निरोगी माणसास जो ताप आठवडाभर छळून सोडतो, तोच या माणसास नेतो. हा संधिवाती ताप दाटीवाटीच्या, गरीब वस्तींत अधिक आढळतो, आणि आमच्या देशांत ऐन तारुण्यांत त्याची झडप घेऊन बसलेलीं माणसें थोडीं नाहींत.

फुप्फुसांची गोष्टही अशीच आहे. १९५९ सालींच डॉ. पद्मावती व पाठक यांनीं दिल्लींतील रोग्यांवरून दाखविलें कीं, जुन्या फुप्फुसविकारानें हृदय थकण्याचा आजार येथें स्त्रियांतही मोठ्या प्रमाणावर आहे. विडी न ओढतां जन्मभर चुलीचा धूर गिळणारी बाई, हें या आजाराचें आमच्याकडील रूप होय. तिच्या मरणाच्या दाखल्यावर चुलीचें नांव येत नाहीं, आणि अखेरच्या पडशाचेंही येत नाहीं.

दुसरा एक आगंतुक तर याहूनही चतुर निघाला. १९५६ सालीं अमेरिकेंत पडशानें बेजार झालेल्या चिंपांझींत एक नवा विषाणु सांपडला. त्यास पुढें आर.एस.व्ही. हें नांव मिळालें. तो तान्ह्या मुलांचा वैरी म्हणून प्रसिद्ध झाला आणि मोठ्यांकडे त्याचा मोर्चा असेल अशी शंका वैद्यांस दीर्घकाळ फारशी आली नाहीं. २००५ सालीं फाल्सी व तिचे सहकारी यांनीं रॉचेस्टर येथील चार हिंवाळ्यांचें काम प्रसिद्ध केलें, तेव्हां हृदयाच्या व फुप्फुसांच्या जुन्या रोग्यांत दरवर्षीं शेंकडा चार ते दहा जणांस तो गांठतो असें दिसलें. वृद्धांसाठीं त्यावरील लस अमेरिकेंत मान्य होण्यास २०२३ साल उजाडावें लागलें.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. जुन्या रोग्यांनीं इन्फ्लुएंझाची लस दरवर्षीं घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेच्या सरकारनें १९६० सालीं केली; पण ती तर्कावर उभी होती, पुराव्यावर नव्हे. चारच वर्षांनीं लँगम्यूर प्रभृतींनीं तिच्या परिणामाबद्दल उघड शंका घेतली. पुरावा फार उशीरा आला. २०१८ सालीं ऑंटारिओंतील नोंदींवरून दिसलें कीं, इन्फ्लुएंझा ठरल्यापासून पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव सुमारें सहापट होतो. २०२१ सालीं २५७१ रोग्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर लागलीच लस दिलेल्यांत वर्षभरांत शेंकडा २.९, तर न दिलेल्यांत ४.९ दगावले. कोविडच्या साथीमुळें तो ठरलेल्या संख्येपूर्वींच थांबवावा लागला, हेंही विसरतां कामा नये.

त्या कोविडनें फारचा प्रश्न पुन्हां आमच्या दारांत आणून उभा केला. २०२०-२१ या दोन वर्षांत जगांत सुमारें एक कोटी एकोणपन्नास लक्ष जादा मरणें झालीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज होता. त्यांतील सत्तेचाळीस लक्ष भारतांतील होतीं असें तिनें म्हटलें, आणि आमच्या सरकारनें तिच्या गणितपद्धतीस कडक हरकत घेतली. या वादाचा निकाल देणें आमच्या अधिकाराबाहेरचें आहे. पण घरोघर जें बोललें गेलें तें आम्हीं ऐकलें आहे: ‘त्यांना आधींच हृदयविकार होता.’

हें वाक्य खरें असतें आणि तरीही तें उत्तर नव्हे. जुना रोगी म्हणजे मेलेला माणूस नव्हे. अरुंद झडपेनिशीं लोक लेकरें वाढवितात. अर्ध्या फुप्फुसावर कित्येकांनीं वर्षानुवर्षें संसार ओढले आहेत. त्यांचीं जीं वर्षें शिल्लक होतीं तीं कोणीं नेलीं, हें विचारणें म्हणजे मृतांशीं हिशेब चोख ठेवणें होय. ज्याचें नांव वहींत लिहिलें जात नाहीं, त्याच्याविरुद्ध दाराला कडीही लावली जात नाहीं. पडशास पडसें म्हणून हंसण्यापूर्वीं घरांत कोणाची छाती दुबळी आहे, एवढें तरी आपण पाहूं या.